'जिभेवर ताबा नाही म्हणून वजन उतरत नाही'? हा मेसेज पुढे पाठवण्याआधी जरा वाचा

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. मथळा: 'वजन न उतरण्याचं एकच कारण, जिभेवर ताबा नाही'. खाली मुद्दे आहेत, थोडक्यात असे की भूक म्हणजे मनाचे खेळ आणि जाड माणूस जिभेचा गुलाम, दिवसभर उपाशी राहिलं की भूक मरते, गोड-तळलेलं घरातून कायमचं बंद करा, चुकून जास्त खाल्लंत तर दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास आणि पर्वतीची टेकडी तीनदा चढा, गोड खावंसं वाटलं की लिंबू-मधाचं गरम पाणी घ्या, आणि शेवटी 'ज्याला हे जमत नाही त्याला वजन कमी करायचंच नाहीये'. खाली टाळ्यांचे इमोजी. हे वाचून जी माणसं आधीच वजनापायी रडकुंडीला आलीत त्यांचं काय होतं ते मी घरात जवळून बघितलंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिला मुद्दा म्हणतो, 'जाड माणूस जिभेचा गुलाम, बारीक माणूस संयमी'. भूक ही शरीरात चालणारी गोष्ट आहे हो. 1994 साली लेप्टिन नावाचं हार्मोन सापडलं, ते चरबीतून तयार होतं आणि साठा पुरेसा आहे असं मेंदूला कळवतं. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन हे भूक जागवणारं हार्मोन शोधलं, ते मुख्यतः जठरातून येतं, जेवायच्या वेळेआधी वाढतं आणि जेवलं की उतरतं. वजन कमी केलं की चरबी घटते, लेप्टिन खाली येतं, घ्रेलिन वर जातं. म्हणजे दहा किलो उतरवलेल्या माणसाला आधीपेक्षा जास्त भूक लागते, खरोखरची लागते. ऑस्ट्रेलियात 50 लोकांना 10 आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून हे तपासलं होतं, 2011 मध्ये ते छापून आलं, आणि वर्षभरानंतरही त्यांची भुकेची हार्मोन्स मूळ पातळीवर आलेली नव्हती. आता वर्षभर शरीर 'खा, खा' म्हणतंय अशा माणसाला तुम्ही संयम नाही म्हणून हिणवणार?

आणि बारीक म्हणजे संयमी हे तर पुण्यात बसून कुणी बोलूच नये. आपल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, 22.3. पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्याकडच्या माणसाच्या आत भरपूर चरबी असू शकते, हे जगाला त्या एका फोटोने दाखवलं. तेव्हा अंगावरून कुणाच्या ताटाचा आणि स्वभावाचा हिशोब करू नका.

आता दुसरा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात घातक. 'सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही खाऊ नका, पोट आकसतं, भूक मरते.' दिवसभर उपाशी राहिल्याने पोट आकसत वगैरे नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालावं हे कळावं म्हणून. हे सगळे स्वतःहून आलेले, निश्चयाचे पक्के. वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. पण काय झालं बघा, ती मुलं दिवसरात्र फक्त खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ताटं चाटायला लागली, आणि प्रयोग संपून मनसोक्त खायला मिळालं तेव्हा काहींना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. आधी त्यातल्या कुणालाही खाण्याचा काही त्रास नव्हता. उपासमारीने तो तयार झाला.

आपल्याकडे हे म्हातारी माणसं केव्हापासून सांगतायत, एकादशी आणि दुप्पट खाशी.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. हा असलाच सल्ला ऐकून तिने सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी आणि ताक एवढ्यावर दिवस काढायला सुरुवात केली. ऑफिसात सगळे वा वा करत होते. रात्री नऊला घरी यायची, दोन पोळ्या जेवायची, आणि साडेअकराला सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून लाडू खायची. एक, दोन नाही, सहा-सात. आणि मग डब्यातले उरलेले लाडू अशा पद्धतीने पसरून ठेवायची की वरून बघणाऱ्याला डबा भरलेलाच दिसावा. तिच्या आईला हे कळलं ते डबा घासायला काढला तेव्हा. ही मुलगी स्वतःला दुबळी समजत होती, आणि मला तर उलट वाटतं की दिवसभर तेवढ्याशा खाण्यावर बसने येणंजाणं करून नऊ तास काम करणारी मुलगी दुबळी कशी असेल? रात्री साडेअकराला तिचं शरीर दिवसभराचं मागत होतं, इतकंच.

तिचं गाडं रुळावर आलं ते दुपारचा डबा नीट झाल्यावर. दोन पोळ्या, वाटीभर मटकीची नाहीतर मुगाची उसळ, कोशिंबीर, दही. पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे नाहीतर उकडलेलं अंडं, म्हणजे घरी पोचेपर्यंत जीव कासावीस होत नाही. प्रथिनं आणि चोथा (फायबर) पोटात असला की पोट भरल्याचे सिग्नल जास्त वेळ टिकतात, आपला नुसत्या पोह्यांचा नाश्ता दोन तासांत का उतरतो त्याचं कारण हेच, त्याच पोह्यांबरोबर अंडं घ्या नाहीतर वर भरपूर मोड आलेलं कडधान्य घाला, फरक जाणवेल. रात्रीचं लाडूचं प्रकरण एका दिवसात थांबलं नाही पण हळूहळू विरळ होत गेलं. हां, काहींना दिवसातून दोनदाच जेवणं मस्त मानवतं, रात्री तुटून पडत नाहीत, चिडचिड नाही, त्यांनी खुशाल करावं (शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच). पण ज्याला मानवत नाही त्याच्यावर ते लादू नका.

झोपेबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. शिकागोला 2004 मध्ये 12 निरोगी तरुणांवर अभ्यास झाला, दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं तर घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, आणि ओढा वाढला तो गोड, खारट, पिठूळ पदार्थांकडे. रात्री दीडपर्यंत मोबाइल बघून दुसऱ्या दिवशी चार वाजता क्रीमरोल दिसला की काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

तिसरा मुद्दा, 'गोड आणि तळलेलं घरातून कायमचं हद्दपार करा, एकदा चाखलं की संपलं'. कुठल्या घरातून हो? संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, मग आमरस, मग गणपतीत मोदक आणि दिवाळीचा फराळ, वर्षभर हे चालू असणाऱ्या घरात 'कायमचं' म्हणजे पहिल्याच सणाला हरणार. आणि मनात 'आता मोडलंच आहे तर खाऊनच घेऊ, उद्यापासून परत बंद' असं सुरू झालं की एका मोदकाचे आठ होतात. 'कायमचं बंद' हा नियमच त्या आठ मोदकांना जागा करून देतो.

पण म्हणून सगळं समोर मांडून ठेवा असं मी म्हणत नाहीये, ह्यात फरक आहे. समोर जे असतं ते खाल्लं जातं, जे सोपं असतं ते जास्त खाल्लं जातं, ह्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांच्या 2019 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 20 जणांना महिनाभर संशोधन संस्थेतच ठेवून घेतलं, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं, समोर ठेवलेल्या जेवणात साखर, फॅट, चोथा, कॅलरी जुळवलेल्या, खा किती हवं तेवढं. तीच माणसं तयार अन्नाच्या दोन आठवड्यांत रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. माणसांचं मनोबल तेच होतं ना? ताट बदललं फक्त.

त्यामुळे जिथे जोर लावायचा तो ताटावर आणि घरावर लावा. चिवड्याचा मोठा डबा टीव्हीसमोर नको, वाटीत काढा, डबा परत माळ्यावर, आणि बसून खा. बाकरवडी पाव किलो आणा, किलो नको. लक्ष्मी रोडला खरेदीला जाताना उपाशीपोटी जाऊ नका, बेकरीचा वास आणि रिकामं पोट ह्यांच्याशी भांडायची काही गरज नाही. फूड डिलिव्हरीच्या अ‍ॅपचे नोटिफिकेशन बंद करा, रात्री दहाला बिर्याणीचा फोटो कशाला बघायचा. आणि मिसळ खायचीच असेल तर रविवारी ठरवून, मित्रमंडळींबरोबर, मजेत खा, एक पाव कमी घ्या, तर्री बेताची घ्या, पण अपराध्यासारखं तोंड करून खाऊ नका.

आग्रहाबद्दल कुणी बोलतच नाही, खरं तर आपल्याकडे निम्मं जास्तीचं खाणं आग्रहाचं असतं. 'एवढीच, माझ्या हातची', 'एका जिलबीने काय होतंय', आणि पानावर आडवा धरलेला हात बाजूला करून वाढणारी मावशी. मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. 'डाएट करतेय' म्हणायचं नाही, त्यावर पंगतीत चर्चासत्र सुरू होतं. पहिल्यांदाच अर्धं वाढून घ्यायचं, सावकाश खायचं, आणि पानात एक घास शिल्लक ठेवायचा कारण पान रिकामं दिसलं की वाढणारं माणूस आलंच. आणि 'अप्रतिम झालंय मावशी, आत्ता पोट भरलं, डब्यात द्या ना उद्यासाठी' असं म्हटलं की मावशीही खूश आणि दुसऱ्या दिवशी भूक लागल्यावर ते खरंच चवीने खाल्लं जातं. वाढणाऱ्यांनाही हात जोडून विनंती आहे, समोरचा एकदा नको म्हणाला की थांबा, आणि 'अगंबाई, वजन वाढलं वाटतं' हे वाक्य स्वागत म्हणून तर अजिबात वापरू नका.

चौथा मुद्दा, शिक्षेचा. लग्नात भरपूर जेवलात, सकाळी काटा दीड किलोने वर. मेसेज म्हणतो उपास करा, पर्वती तीनदा चढा. आधी तो दीड किलो काय आहे ते बघा. एक किलो चरबी साठायला साधारण 7700 जादा कॅलरी लागतात, एका जेवणात तेवढं कुणी जास्तीचं खात नाही. जास्त कर्बोदकं खाल्ली की शरीर ती ग्लायकोजेन म्हणून (यकृतात आणि स्नायूंत) साठवतं, दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून, वर मिठामुळे धरलेलं पाणी वेगळं, आणि आतड्यात असलेलं अन्न वेगळं. नेहमीसारखं जेवत राहिलात तर दोन-चार दिवसांत काटा आपोआप खाली येतो. उपास केलात तर रात्री परत भाचीसारखा लाडवाचा डबा. आणि पर्वतीच्या 103 पायऱ्या एकदा चढून फार तर पन्नासेक कॅलरी जातील, एक वडापाव त्याच्या कितीतरी पट. पर्वतीला जरूर जा, तळजाईला जा, वरून गाव दिसतं, झोप छान लागते, मूड सुधारतो, पण काल खाल्लेल्याची फेड म्हणून जाऊ नका, चार दिवसांत जाणं बंद पडेल.

लिंबू-मधाच्या पाण्याचं काय लिहायचं. मध ही साखरच आहे, मोठा चमचाभर म्हणजे साठेक कॅलरी. आवडत असेल तर प्या, गोडाची ओढ त्याने बंद होत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, 'जमत नाही त्याला करायचंच नाहीये'. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला बहुतेक माहीत नाही की थोड्या वेळात भरमसाट खाणं, थांबावंसं वाटूनही थांबता न येणं, लपून खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं आणि नंतर स्वतःची किळस वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चालू असेल तर तो आजार समजला जातो, बिंज ईटिंग डिसऑर्डर, 2013 पासून मनोविकारांच्या अमेरिकन यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत, बोलण्याचे आणि गरज पडली तर औषधांचेही. शिवाय स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या, इन्सुलिन ह्यांनीही भूक आणि वजन वाढू शकतं, अशा वेळी गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलायचं असतं. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं चालू असेल तर वाट बघूच नका.

आणि डॉक्टरांकडे गेलात की नुसतं 'वजन कमी करायचंय' म्हणू नका, कारण मग हातात डाएटचा कागद मिळतो आणि तुम्ही तो घेऊन घरी येता. 'मला खाताना थांबता येत नाही, रात्री लपून खाते, आठवड्यातून इतक्या वेळा' असं सरळ सांगा, लाज वाटली तर कागदावर लिहून न्या. भाचीने तसंच केलं, मोबाइलवर टाइप करून मोबाइलच डॉक्टरांच्या हातात दिला.