डोमेन विकणारी कंपनी म्हणजे होस्ट नव्हे!

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. खोटी वेबसाइट दिसली की हूइजमध्ये (साइटचं नाव किंवा आयपी कोणाच्या नावे नोंदलाय ते दाखवणारी सेवा) तिचं नाव टाका, जी कंपनी दिसेल तीच होस्ट, म्हणजे साइटच्या फाइली ठेवणारी, तिला मेल करा, २४ तासांत साइट बंद. वर अजून, आयपीवरून, म्हणजे साइटच्या आकडी पत्त्यावरून, सर्व्हरचं (साइट ज्यावर चालते त्या कॉम्प्युटरचं) शहर कळतं आणि डॉट इन असेल तर सर्व्हर भारतातच. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका, यात माणसाचा वेळ जातो.

पहिलं म्हणजे, हूइजमध्ये वर दिसतो तो रजिस्ट्रार. त्याने फक्त नाव विकलेलं असतं, साइटच्या फाइली दुसऱ्याच कंपनीकडे असू शकतात. कोपरखैरण्याची एक ताई घरून मालवणी मसाला विकते, तिच्या साइटचे फोटो जसेच्या तसे उचलून कोणीतरी दुसरी साइट काढली, एका फोटोत तर डब्यावर ठेवलेला तिचा हात, हिरव्या बांगड्यांसकट! तिने हा मेसेज वाचून रजिस्ट्रारला मेल केला, पाच दिवसांनी उत्तर आलं की होस्टिंग आमच्याकडे नाही, होस्टला विचारा. ऐन दिवाळीच्या ऑर्डरींचे पाच दिवस गेले हो तिचे.

मग आम्ही बसलो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलुकअप (nslookup), स्पेस, साइटचं नाव, एंटर. दोन आयपी आले, एक १०४.२१ ने सुरू होणारा, दुसरा १७२.६७ ने. आता हूइज करायचं ते या आकड्यांचं, नावाचं नाही, खरी गोम इथेच आहे. आकडे निघाले क्लाउडफ्लेअर या कंपनीचे. पण इथेही लगेच ‘सापडला होस्ट’ म्हणू नका, कारण क्लाउडफ्लेअर बहुतेक वेळा मध्ये उभी असते, येणारी रिक्वेस्ट पुढे पाठवते आणि मागचा खरा सर्व्हर झाकलेला राहतो. त्यांच्या अब्यूज, म्हणजे गैरवापराच्या तक्रारीच्या, फॉर्मवर तक्रार टाकली की ती होस्टकडे जाते आणि बहुतेक वेळा होस्टचं नावही आपल्याला कळवतात, ताईला तसंच कळलं. मध्ये असं कोणी नसेल तर आयपीच्या नोंदीतच अब्यूजचा ईमेल असतो, तिथे लिहायचं. तो आयपी एखाद्या मोठ्या कंपनीचा आणि होस्टिंग विकणारा तिचा भाडेकरू, असंही असतं, तरी सुरुवात तिथूनच.

शहराचं म्हणाल तर तो डेटाबेसचा अंदाज असतो. एकच आयपी अनेक शहरांतून उत्तर देऊ शकतो, म्हणून ‘मुंबई’ दिसलं की सर्व्हर आपल्या ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्येच आहे असं धरू नका. डॉट इनचा तर सर्व्हरशी काही संबंधच नाही, नाव भारताचं आणि होस्टिंग जर्मनीत, चालतं.

आणि २४ तासांची गॅरंटी कोणीच देत नाही. पैसे गेले असतील तर हे शोधत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, होस्ट नंतर शोधता येतो.