माशांचा धडा मराठवाड्यातही हवाच

शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: मराठवाडा दुष्काळी, इथल्या पोरांना मासे कशाला शिकवायचे? मासा तीन सेकंदांत सगळं विसरतो, पाण्यातला म्हणजे एच-टू-ओमधला ऑक्सिजन घेऊन जगतो, तेव्हा पुस्तकातलं चित्र पुरे. मी चौथीला शिकवते. यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

इथं मासे नाहीत? पैठणचा नाथसागर आहे, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी आहे. या धरणांवर जाळं टाकून पोट भरणाऱ्या भोई कुटुंबांची पोरं आपल्याच वर्गात बसतात. आणि दुष्काळाचंच म्हणाल, तर मरळ शिकवा. त्याच्या कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते. डबकं आटत आलं की तो वर येऊन तोंडानं हवा घेतो, ओल्या चिखलातही तग धरतो.

मासा पाण्याचा रेणू फोडत नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांतून त्याच्या रक्तात जातो. पाणी तापलं की तो कमी विरघळतो: 10 अंशांना लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. म्हणून मे महिन्यात तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, तेही पहाटे. पहाटेच का? रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, वापरतात मात्र सगळेच. हे उत्तर मुलांकडून काढून घ्या, सांगून टाकू नका.

तीन सेकंदांची गोष्ट निखालस खोटी आहे. खाणं कुठं आणि कधी मिळतं, हे मासे शिकतात आणि लक्षात ठेवतात. शेततळ्यावर रोज खाद्य टाकणाऱ्या कुणालाही विचारा.

राहिलं चित्र. आठवडी बाजारात कटला, रोहू, मृगळ शेजारी ठेवायला सांगा आणि मुलांना फक्त तोंडं बघू द्या. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. मृगळाचं खाली. ‘बाई, हा वर बघून जेवतो!’ असं एका मुलीनं कटल्याकडे बोट दाखवून म्हटलं, आणि ते बरोबर होतं: कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळ्यात तिघं एकत्र का सोडतात, ते तिथंच उमगतं. मग कल्ल्याचं झाकण उचलून आतली लाल झालर दाखवा.

ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत, त्यांच्यासाठी वर्गात काचेच्या टाकीत गप्पी ठेवा. डासांच्या अळ्या खाताना दिसतील, पिल्लंही दिसतील, कारण गप्पी अंडी घालत नाही. फक्त नंतर ते नदीत सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, आपल्या नदीतल्या माशांना ते त्रासाचे ठरतात.