‘सायकल ट्रॅक आणि फुटपाथ म्हणजे पैशाची माती’ असं म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड थोड्याफार फरकाने फिरतच असतो. वर रिकाम्या सायकल ट्रॅकचा फोटो, ट्रॅकवर एक कार लावलेली, सायकल एकही नाही. खाली मजकूर साधारण असा की सायकल ट्रॅक आणि रुंद फुटपाथवर कोट्यवधी रुपये घातले, वापरत कोणीच नाही, सायकल आता चालवतं कोण, आपल्या ऊन-पावसात हे युरोपातले लाड परवडत नाहीत, यानेच रस्ते अरुंद होऊन ट्राफिक वाढलं, ज्यांना चालायची हौस आहे त्यांनी टेकडीवर जावं, तेव्हा हे सगळं उखडा आणि गाड्यांना जागा द्या. चांगली शिकलेली, समजूतदार माणसं यावर अंगठा देतात म्हणून मला हे गंभीर वाटतं, नाहीतर फॉरवर्डला एवढं लांब उत्तर कोण लिहीत बसतं. एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, ‘कोणी वापरत नाही’.

फोटो खरा असतो, त्यावर वाद नाही. पण फोटो काढणाऱ्याने एकदा त्याच ट्रॅकवर सायकल घालून बघावी. सुरुवातीलाच बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायला रोवलेले खांब, आणि दोन बोलार्डमधली फट एक तर इतकी अरुंद की व्हीलचेअर जात नाही नाहीतर इतकी मोठी की ॲक्टिव्हा आरामात आत शिरते. थोडं पुढे गेलं की विजेचा डीपी बॉक्स, बरोबर मधोमध. मग सोसायटीचं गेट, तिथे गाडीला त्रास नको म्हणून ट्रॅक खाली उतरवलेला आणि गेट संपलं की परत वर चढवलेला, त्या उतारावरचे दोन-चार पेव्हर ब्लॉक निघालेले, पावसात तिथे पाणी साचतं आणि खड्डा किती खोल ते कळत नाही. नंतर बसस्टॉप, मग झाड, मग टपरीची बाकडी, आणि हे सगळं पार करून चौकाशी पोचलं की ट्रॅक संपतोच, वीतभर उंच कडेवरून सायकल उचलून खाली ठेवायची आणि बसच्या शेजारून आपलं आपण निघायचं. म्हणजे जिथे जिवाला धोका सगळ्यात जास्त तिथेच ट्रॅक नाही. रोज सायकलने कामावर जाणारा माणूस दोन दिवसांत हा नाद सोडतो आणि सरळ रस्त्यावरून जातो, आणि मग ट्रॅक रिकामा दिसतो.

यात नियम नाहीत असंही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं 2012 पासून आहेत, त्यात फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा आणि कडेची उंची 150 मिलिमीटरच्या आत असं स्पष्ट दिलंय. पुणे महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरण 2016 चं आहे, आणि डिसेंबर 2017 मध्ये मंजूर झालेल्या सायकल आराखड्यात 800 किलोमीटरहून मोठं जाळं दाखवलंय. जाळं म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न उतरता जाता यायला हवं. आपल्याकडे तुकडे झाले, कुठे बीआरटीच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गाच्या निमित्ताने, कुठे रस्त्याचं काम निघालं म्हणून, आणि एक तुकडा दुसऱ्याला जोडायचं राहून गेलं. त्या तुकड्यांचे फोटो काढून जाळंच नको म्हणणं हा चुकीचा निष्कर्ष आहे, आणि जिथे काम नीट झालं तिथे काय होतं तेही समोर आहे ना, जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले तेव्हा पार्किंग गेलं म्हणून ओरड झाली होती, आज तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बाकांवर बसलेले असतात, पोरं खेळत असतात, कॉलेजची मुलं रमतगमत चाललेली असतात. लक्ष्मी रोडवर 11 डिसेंबर 2021 ला पहिला पादचारी दिन झाला, गाड्या बंद ठेवल्या, तर लोक रस्त्याच्या मधून चालायला आले. चालायला माणसं आहेत, त्यांना जागा मिळत नाही.

‘सायकल आता चालवतं कोण.’

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे वाक्य. सकाळी सहाला बाहेर पडून बघा, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन काका, पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, डबा हँडलला अडकवून साइटवर निघालेले मजूर, सगळे सायकलवर. आणि चालत कोण जातं, तर दिवसाला चार-पाच घरची कामं करणाऱ्या मावशी, ज्यांना एका सोसायटीतून दुसरीत जायला रिक्षा परवडत नाही. ही माणसं आपल्या ग्रुपवर नाहीत म्हणून मोजणीतही नाहीत. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरची कामं करणारे लोक कामावर कसे जातात ते विचारलं होतं, देशभरात चालत जाणारे 22-23 टक्के, सायकलने 13 टक्के, आणि मोटरसायकल-स्कूटरवर त्याहून किंचित कमीच. आकडे जुने आहेत, गाड्या वाढल्या हे मान्य, पण ‘कोणीच नाही’ हे तेव्हाही खरं नव्हतं आणि आजही नाही.

याची दुसरी बाजू मन विषण्ण करणारी आहे. केंद्राच्याच अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातले 32,825 पायी चालणारे होते. त्यातली किती माणसं फुटपाथ नव्हता किंवा अडवलेला होता म्हणून रस्त्यावर उतरली असतील? सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये सांगितलं की वापरता येण्याजोगा, अतिक्रमण नसलेला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे आणि तो अपंगांनाही वापरता आला पाहिजे. त्यामुळे फुटपाथला हौस किंवा लाड म्हणणं बंद करूया.

भाड्याच्या सायकलींचा दाखलाही देतात लोक. डिसेंबर 2017 पासून विद्यापीठात, मग औंध वगैरे भागात ॲपवरच्या सायकली आल्या, सुरुवातीला उत्साह होता, वर्ष-दोन वर्षांत सगळं गुंडाळलं. खरंय. पण सायकली आल्या तेव्हा त्या चालवायला सलग सुरक्षित रस्ता नव्हता, तोडफोड-चोऱ्या झाल्या, आणि त्यातली एक कंपनी तर 2018 मध्ये भारतातूनच बाहेर पडली. त्यावरून फार तर तो धंदा जमला नाही एवढंच म्हणता येईल.

‘आपल्या हवेत शक्य नाही.’

स्पेनमधलं सेव्हिल घ्या, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. तिथे 2006 ते 2010 मध्ये साधारण 120 किलोमीटरचं सलग, गाड्यांपासून वेगळं केलेलं जाळं एका दमात उभं केलं, त्यासाठी हजारो पार्किंगच्या जागा काढल्या, आणि सायकलच्या रोजच्या फेऱ्या दहापटीच्या आसपास वाढल्या. ऊन तेच होतं. आणि पुण्यात पावसात टू-व्हीलरवाला भिजत नाही का? रेनकोट घालून जातोच ना. चार किलोमीटरला सायकलने पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्याला अडचण हवेची कमी आणि सावलीची जास्त आहे, आणि सावली देणारे वड-पिंपळ आपण रस्तारुंदीसाठी तोडतो.

‘रस्ते अरुंद झाले, ट्राफिक वाढलं.’

2018 मध्येच पुण्यातल्या नोंदणी झालेल्या गाड्यांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या. कोणत्या रुंदीच्या रस्त्यात हे बसणार आहे? अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो म्हणून संघटना आहे, तिच्या हिशोबाने साधारण 3 मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला खासगी गाड्यांतून 600 ते 1,600 माणसं जातात, तोच पट्टा सुरक्षित सायकल ट्रॅक केला तर साडेसात हजार, फुटपाथ केला तर नऊ हजार. ही क्षमता आहे, उद्या सकाळी एवढे लोक येतील असं नाही, पण जागा कोण जास्त खातं ते यातून कळतं. शिवाय मार्च 2022 ला मेट्रो सुरू झाली, आता स्टेशनपर्यंतचा एक-दीड किलोमीटर धड चालता येत नाही म्हणून लोक घरापासूनच गाडी काढतात, मग ती माणसं ट्राफिकमध्येच मोजायची.

पैशाचं थोडक्यात. त्या 2017 च्या आख्ख्या सायकल आराखड्याचा अंदाज 335 कोटींच्या आसपास होता, संपूर्ण शहरासाठी. एकट्या चांदणी चौकातल्या उड्डाणपुलांचा आणि रस्त्यांचा प्रकल्प साडेआठशे कोटींच्या घरात गेला. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती, 2020 मध्ये पाडावा लागला, तेव्हा ‘उड्डाणपूल म्हणजे पैशाची माती’ असा फॉरवर्ड मला तरी कुठल्याच ग्रुपवर दिसला नाही.

राहिला ‘टेकडीवर जा’ हा सल्ला. टेकड्यांवर माझंही प्रेम आहे, एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडी वाचवायला हजारो लोक रस्त्यावर उतरले त्याचा मला अभिमान वाटतो. पण सकाळी टेकडीच्या पायथ्याला किती गाड्या लागतात बघा, चालायला जाण्यासाठी लोकांना गाडी काढावी लागते कारण घरापासून टेकडीपर्यंत चालता येत नाही. आणि मुलीला क्लासला, आईला दवाखान्यात, मावशींना कामावर जायचंय, ते काही टेकडीवर नाही. चालणं-सायकल म्हणजे फक्त व्यायाम असं एकदा धरलं की ट्रॅकही भलतीकडे जातात, मुंबईत पवई तलावाच्या काठावर सायकल ट्रॅकचं काम काढलं, मुंबई हायकोर्टाने मे 2022 मध्ये ते बेकायदा ठरवून तलाव पूर्ववत करायला सांगितलं, आणि माझ्या मते ते अगदी योग्य झालं. ट्रॅक तलावात भराव टाकून नको, टेकडी फोडून तर नकोच, तो शाळा, बाजार, स्टेशन आणि वस्त्या यांच्यामध्ये हवा.

आणि टपऱ्या-पथारीवाल्यांमुळे फुटपाथ निरुपयोगी झाले म्हणणाऱ्यांना एवढंच, की 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागा ठरवून देणं बंधनकारक आहे, ती दिली तर चालायची पट्टी मोकळी राहते आणि रात्री आठनंतर बायकांना त्या रस्त्याने जायला धीर वाटतो, कारण तिथे जाग असते. रात्री रिकाम्या, अंधाऱ्या फुटपाथवरून एकटीने जायची हिंमत होत नाही हो, मग तो कितीही रुंद असो.

आपल्या हातात काय आहे, तर आहे थोडंफार. पुणे महापालिकेत नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची पद्धत 2006 पासून आहे, एका कामाला 5 लाखांपर्यंत, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. डीपी हलवणं एवढ्यात बसणार नाही, पण गेटपाशी फुटपाथ खाली न उतरवता सलग ठेवून गाडीलाच चढ द्यायचा, चौकाच्या कडेला व्हीलचेअर उतरेल असा रॅम्प करायचा, बोलार्डचं अंतर नीट करायचं, निघालेले ब्लॉक बसवायचे, दोन दिवे लावायचे, हे बसतं. ‘आमच्या भागात सायकल ट्रॅक करा’ असं मोघम लिहू नका. कुठल्या गेटपासून कुठल्या चौकापर्यंत, मध्ये अडथळे कोणते, फोटोसकट लिहा, आणि रोज तिथून चालत जाणाऱ्या मावशींना आणि वॉचमन काकांना आधी विचारा की नेमकं कुठे अडतं, त्यांनी सांगितलेली जागा फॉर्ममध्ये सगळ्यात वर लिहा.