ऊदच्या नव्या तारा दोन सूर चढवून ठेवू नका

नव्या तारा रात्रभर दोन सूर चढवून ठेवल्या की सकाळी पक्क्या बसतात, असा सल्ला ऊद हे अरबी तंतुवाद्य शिकणाऱ्यांत फिरतोय. कृपया तसं करू नका. ऊदची घोडी, म्हणजे तारा बांधायची पट्टी, पातळ तबलीवर (वाद्याच्या वरच्या लाकडी फळीवर) फक्त चिकटवलेली असते. ५ जोड्या आणि खर्जाची एकटी, अशा ११ तारांचा जादा ताण पडला तर ती उखडू शकते, आणि ते काम कारागिराकडेच जातं.

सूर उतरतो कारण नायलॉन ताणलं जातं, घोडीवरची गाठही थोडी सरकते. गाठ घट्ट आवळा, खुंटीवर वेढे एकमेकांना लागून घ्या. तार मूळ सुरालाच लावा, खालून वर येत. उतरली की पुन्हा. हलक्या हाताने ओढलीत तर चालेल. काही दिवस जातातच. खुंटीच घसरत असेल तर दोष तारेचा नाही, तिथे खडू लावा.