सोमालीलँडची संसद आणि एका फिरत्या संदेशातली पाच विधाने

माझी भाची स्पर्धा परीक्षेसाठी आंतरराष्ट्रीय संबंधांची टिपणे काढते. तिच्या वहीत ‘सोमालीलँड : बनावट निवडणुका’ अशी अधोरेखित ओळ दिसली, म्हणून आधार विचारला, तर तिने व्हॉट्सॲपवरचा एक संदेश पुढे केला. तोच संदेश नातेवाइकांच्या गटातही फिरत होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सोमालियापासून वेगळे झाल्याचे १९९१ मध्ये जाहीर केलेल्या सोमालीलँडची ३१ मे २०२१ ची संसदीय निवडणूक हा देखावा होता, कारण मान्यता नसलेल्या देशातले मतदान कायद्याने शून्य ठरते, तो समुद्री चाच्यांचा मुलूख असून तिथे बंदुकीच्या धाकावर मते पडतात, निकाल सत्ताधाऱ्यांनी आधीच ठरवलेला असतो, बुबुळावरून मतदार ओळखल्याची गोष्ट प्रचारकी आहे, आणि मत उमेदवाराला नव्हे, तर टोळीला जाते. परीक्षेला बसणारी मुले हे पाठ करणार असतील, तर गप्प बसणे मला जमणार नाही.

मान्यतेचा मुद्दा आधी घेऊ. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने सोमालीलँडला मान्यता दिलेली नव्हती, हे खरे आहे. पण मान्यता देणे हा दुसऱ्या सरकारांचा राजकीय निर्णय असतो आणि त्यावरून मतपेटीत पडलेले मत खरे की खोटे हे ठरत नाही. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराच्या तिसऱ्या कलमात राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसते, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याहून वजनदार आधार आफ्रिकी संघाचा आहे. या संघाचा कल सीमा बदलण्याच्या विरोधात असतो. तरीही २००५ मध्ये त्याचे उपाध्यक्ष पॅट्रिक माझिम्हाका यांच्या नेतृत्वाखाली सोमालीलँडला गेलेल्या सत्यशोधन पथकाने आपल्या अहवालात नोंदवले की, सोमालीलँडचे प्रकरण आफ्रिकेच्या राजकीय इतिहासात एकमेव असून स्वतःच्या बळावर समर्थनीय आहे आणि फुटीरतेची नवी साथ पसरण्याच्या भीतीशी त्याची सांगड घालू नये. या निष्कर्षामागे इतिहास आहे. २६ जून १९६० रोजी हा प्रदेश ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला, पाचच दिवसांनी इटालियन सोमालियाशी जोडला गेला, १९८८ मध्ये सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांच्या राजवटीने हर्गेसा (आजची सोमालीलँडची राजधानी) बाँबफेकीने उद्ध्वस्त केले आणि १८ मे १९९१ रोजी बुराओ येथे विलीनीकरण रद्द झाल्याची घोषणा झाली. सोमालीलँड आजही ज्या सीमा सांगतो, त्या त्याच ब्रिटिश संरक्षित प्रदेशाच्या आहेत. (तो प्रदेश १८९८ पर्यंत एडनमार्फत, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याच्या छत्राखाली चालवला जात होता. मराठी वाचकाला तो इतका परका वाटण्याचे कारण नाही.)

चाच्यांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले आणि तेव्हापासून ‘सोमाली’ हा शब्द दिसला की लोक डोळे झाकून चाचे जोडतात. चाचेगिरीचे कुप्रसिद्ध तळ, म्हणजे एल, होब्यो आणि हरारदेरे, पुंटलँडच्या (सोमालीलँडच्या पूर्वेला लागून असलेल्या सोमालियातील स्वायत्त प्रांताच्या) आणि मध्य सोमालियाच्या किनाऱ्यावर होते. सोमालीलँडची भूमिका नेमकी उलटी आहे: सेशेल्समध्ये शिक्षा झालेल्या चाच्यांना २०१२ मध्ये हर्गेसाच्या तुरुंगात ठेवण्यात आले. बंदुकीच्या धाकाचे म्हणाल, तर सिएरा लिओनचे माजी राष्ट्राध्यक्ष अर्नेस्ट बाई कोरोमा निरीक्षक म्हणून २०२१ च्या मतदानाला हजर होते. त्यांच्या पथकाने दहशतीचे नव्हे, शांत मतदानाचे चित्र मांडले.

आता निकाल आधीच ठरलेला असल्याच्या विधानाकडे वळतो. या संदेशातले हेच विधान सर्वांत निराधार आहे आणि सर्वांत घातकही, कारण ते मतदान केंद्रासमोर उन्हात तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचे मतच पुसून टाकते. ८२ जागांपैकी सत्ताधारी कुल्मिये पक्षाला ३० मिळाल्या. विरोधी वद्दानीला ३१ आणि यूसीआयडीला २१. म्हणजे सत्ताधारी पक्ष हरला, दोन्ही विरोधी पक्ष एकत्र आले आणि सभागृहाचे अध्यक्षपदही त्यांनी स्वतःकडे घेतले. निकाल ठरवणारे सरकार स्वतःचा पराभव ठरवते काय? बरे, हे एकदाच घडले असेही नाही. २००५ च्या पहिल्या संसदीय निवडणुकीत सत्ताधारी उदुब पक्षाला ३३ जागा होत्या, तर कुल्मिये आणि यूसीआयडी यांच्या मिळून ४९. तेव्हाही विरोधकांनी आपला अध्यक्ष निवडून आणला. ते अध्यक्ष, अब्दिरहमान ‘इर्रो’, पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये पदावरील राष्ट्राध्यक्ष मूसा बिही यांना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले आणि बिही यांनी सत्ता सोडली. त्याआधी २००३ मध्ये निवडणूक आयोगाने राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल अवघ्या ८० मतांच्या फरकाने जाहीर केला होता. हरलेले कुल्मियेचे उमेदवार सिलान्यो रस्त्यावर रक्त न सांडता विरोधात बसले आणि २०१० मध्ये निवडून आले. मान्यता नसलेल्या प्रदेशातली पोकळ निवडणूक कशी असते, हे पाहायचे असेल तर मोल्दोव्हापासून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रियाकडे पाहावे. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे जेमतेम २८ टक्के मतदान झाले आणि ३३ पैकी २९ जागा एकाच पक्षाकडे गेल्या. दोन्ही प्रदेशांची आंतरराष्ट्रीय अडचण तेव्हा सारखीच होती, पण निवडणुका एका मापाने मोजता येत नाहीत.

बुबुळांची गोष्टही खरी आहे. २००८-०९ मध्ये बोटांच्या ठशांवर केलेली मतदारनोंदणी फसली होती, कारण आपल्या भागाचे आकडे फुगवण्यासाठी एकेका माणसाने अनेकदा नाव नोंदवले आणि ठशांवरून ते पुरेसे पकडता आले नाही. त्यानंतर अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील तज्ज्ञांनी नमुन्यांची तपासणी केली आणि बुबुळांची छायाचित्रे जुळवून दुबार नावे शोधण्याची पद्धत २०१६ च्या नोंदणीत आली. मात्र बुबुळ पाहिले जाते ते नोंदणीच्या वेळी. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र आणि बोटावरची शाई यांवरच काम चालते. संदेश लिहिणाऱ्याला एवढा फरक समजून घेण्याचीही तसदी घ्यावीशी वाटली नाही.

उरला टोळ्यांचा मुद्दा, आणि इथे नाइलाजाने का होईना, थोडे मान्य करावे लागते. सोमालीलँडमध्ये उमेदवारी आणि मते बहुतांशी कुळांच्या हिशेबाने ठरतात, कुळातले ज्येष्ठ उमेदवार पुढे करतात आणि त्याचा सर्वांत मोठा फटका स्त्रियांना बसतो. विवाहित स्त्रीचे कूळ माहेरचे की सासरचे, या प्रश्नात दोन्हीकडचे ज्येष्ठ तिला बाजूला ठेवतात. २०२१ मध्ये २४६ उमेदवारांत १३ स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी एकही निवडून आली नाही. हे लाजिरवाणे आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण मत केवळ कुळालाच जाते, हे विधान त्याच निकालाने खोटे पाडले. बरखद बातून हे गबोये समाजाचे. केशकर्तन, चामड्याचे काम, लोहारकाम या परंपरागत व्यवसायांमुळे हा समाज हीन लेखला जातो आणि इतर कुळे त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. गबोयेंची संख्या थोडी, पाठीशी बलाढ्य कूळ नाही. तरीही त्या निवडणुकीत सर्व उमेदवारांत सर्वाधिक मते बातून यांना मिळाली. ती मते एकट्या गबोयेंची असणे शक्यच नाही. कुळाबाहेरच्या हजारो मतदारांनी त्यांच्या नावापुढे खूण केली होती.

टीकाच करायची होती, तर तिला जागा भरपूर होती. राज्यघटना तीनच राजकीय पक्षांना परवानगी देते. मतदानाआधी काही विरोधी उमेदवारांना अटक झाली. पूर्वेकडील सूल आणि सनाग या भागांवर पुंटलँडचाही दावा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सूलमधल्या लास अनोद शहरात युद्ध पेटले, ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या फौजेला माघार घ्यावी लागली आणि २०२४ चे मतदान सूलच्या मोठ्या भागात होऊच शकले नाही. त्या लोकांच्या संमतीशिवाय ‘आमची संसद’ म्हणण्याचा हक्क किती, हा प्रश्न हर्गेसाला टाळता येणार नाही. शिवाय २००५ मध्ये पाच वर्षांसाठी निवडलेले सभागृह २०२१ पर्यंत बसून राहिले. या मुदतवाढी देणारे वरिष्ठ सभागृह, गुर्ती, थेट जनतेने कधीच निवडलेले नाही आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षांना दोन वर्षांची, तर स्वतःला पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. संदेशात यांपैकी एका गोष्टीचाही उल्लेख नाही. भाचीने ती ओळ खोडली असून त्या जागी तिने गुर्तीच्या मुदतवाढीची नोंद केली आहे.