वापरायचा तर विमा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शिमग्याच्या पालखीच्या फोटोंखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुना याशिका मॅट कॅमेरा गुलालाच्या गर्दीत नेणाऱ्या माणसाला वस्तूची किंमत कळत नाही. ज्या वस्तू इतक्या बिनधास्त वापरायच्या, त्यांचाच विमा उतरवायचा हा विरोधाभास आहे. विमा कंपन्या ऐन वेळी हात वर करतात, हे तुम्ही बँकेतल्या नोकरीत जवळून पाहिलं आहे, तेव्हा तो हप्ता मुदत ठेवीत टाकलेला बरा. आणि शेवटी, तुमच्या वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा तुम्ही चामड्याच्या केसमध्ये, कपाटात, कुणाचा हात न लागू देता ठेवला आहे. जपणं याला म्हणतात.

वडिलांच्या वस्तूबद्दलची तुमची माया मला समजते. तरीही मी तुमच्याशी सहमत नाही, आणि का ते सांगते.

कॅमेऱ्याचं नुकसान दोन वाटांनी होतं. एक एकदम होतं: हातातून पडतो, चोरीला जातो, पुरात बुडतो, आगीत सापडतो. दुसरं वर्षानुवर्षं चालू असतं आणि कळतही नाही: लेन्सवरची बुरशी, वाळलेलं वंगण, झाकणाच्या फटींत उजेड अडवणारा, पण आता चिकट झालेला फोम. पहिल्या नुकसानीसाठी विमा मिळतो. दुसऱ्याला पॉलिसीत सरळ अपवाद असतो. झीज, हळूहळू होणारी खराबी, बुरशी, कीड यांची भरपाई मागायला गेलात तर ती नाकारणं कंपनीच्या हक्कात बसतं. तिथे कामाला येतं ते नियमित हाताळणं. म्हणून मी कॅमेरे वापरते आणि विमाही काढते. यात मला विरोधाभास दिसत नाही.

आधी त्या संथ नुकसानीबद्दल, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त कॅमेरे त्यानेच जातात. मी चिपळूणला राहते. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांना बुरा येतो, तर लेन्सचं काय होत असेल! हवेतली आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की काचेवर बुरशीचे तंतू वाढायला लागतात. अंधार आणि कोंडलेली हवा त्यांना मानवते. सुरुवातीला वेळेत साफ केली तर बुरशी निघते. उशीर झाला तर तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं आणि मग कितीही पुसलं तरी जाळीचा डाग राहतो. चामड्याची केस ओल धरून ठेवते. म्हणजे ज्या केसला आपण संरक्षण समजतो तीच पावसाळ्यात कॅमेऱ्याला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. केस जरूर जपावी, पण वेगळी.

डांबराच्या गोळ्यांबद्दलही सांगायलाच हवं, कारण आपल्या घरांत कपाट म्हटलं की त्या आल्याच. त्यांची वाफ होते आणि ती काचेवर थर धरून बसू शकते, म्हणून कॅमेऱ्याजवळ त्या नकोत. हवाबंद डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल हा साधा उपाय आहे. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा कोरडे करायचे. परवडत असेल तर ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली आर्द्रता कमी ठेवणारं विजेवरचं कपाट, घ्यावं आणि आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवावी. त्याहून फार कोरडं केलं तर चामडं तडकतं.

आता यंत्राकडे बघा. याशिका मॅट 124 जी मध्ये कोपाल कंपनीचं शटर आहे (शटर म्हणजे उजेड ठरावीक वेळ आत सोडणारी झडप), एका सेकंदापासून 1/500 सेकंदापर्यंत. यातले संथ वेग बारीक दातेरी चक्रांच्या गाडीवर चालतात. कॅमेरा वर्षानुवर्षं पडून राहिला की तिथलं वंगण घट्ट होतं आणि एका सेकंदाचं शटर उघडून तसंच राहतं. पेंटॅक्स के 1000 ची (1976 ते 1997 इतकी वर्षं हा कॅमेरा बनत होता) गंमत वेगळी. त्याच्या लाइट मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राला, बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर टोपी नसेल आणि उजेड येत असेल तर मीटर चालू राहतं आणि बॅटरी संपते. संपलेली बॅटरी आत राहिली की गळते आणि संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात. 1966 साली आलेल्या याशिका इलेक्ट्रो 35 चं शटर बॅटरीवर चालतं. ती नसेल तर फक्त 1/500 चा वेग मिळतो, आणि त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, अडॅप्टर लावावा लागतो. निकॉन एफएम 2 मात्र बॅटरीशिवाय 1/4000 पर्यंत सगळे वेग देतो, बॅटरी लागते ती फक्त मीटरला. हे सगळं हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं नाही तर कपाटातला कॅमेरा हळूहळू फक्त कॅमेऱ्याच्या आकाराची वस्तू होऊन जातो.

वापरायचं म्हणजे दर वेळी रोल घालायचा असं नाही. रोल महाग आहेत असंही तुम्ही लिहिलंत, ते शंभर टक्के खरं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल बंद झाल्यापासून आपण बाहेरून येणाऱ्या फिल्मवरच अवलंबून आहोत. मी महिन्यातून एकदा प्रत्येक कॅमेरा बाहेर काढते, रिकामाच चालवते, सगळ्या वेगांवर शटर उडवते, अपर्चरची (उजेड आत येण्याच्या छिद्राची) कडी पूर्ण फिरवते, फोकस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेते, काच टॉर्चच्या उजेडात तिरकी धरून बघते. परत ठेवताना शटर चढवलेलं ठेवत नाही आणि बॅटरी काढून ठेवते. एवढ्याने बरंच साधतं. दुरुस्ती करणारी जुनी माणसं आता मोजकी उरली आहेत. मुंबईत बोरा बाजाराच्या आसपास अजून काही सापडतात. त्यांच्याकडे वेळेत गेलेला कॅमेरा पुढे वर्षानुवर्षं काम देतो.

पालखीचं म्हणाल तर, बेफिकिरी नव्हती. वरच्या बघायच्या लेन्सवर आणि खालच्या फोटोच्या लेन्सवर, दोन्हीकडे फिल्टर होते, बाकी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. एका 120 च्या रोलवर बारा फोटो येतात. बारा संपले की ओळखीच्या घरात जाऊन, हात धुऊन, पडवीत रोल बदलत होते. गुलालात मागचं झाकण उघडायचं नाही हा नियम पाळला. घरी आल्यावर आधी ब्लोअरने हवा मारून, मग मऊ ब्रश, आणि फडकं अगदी शेवटी, कारण भुकटी पुसायला गेलं की ती फटींत शिरते. नाचणारी पालखी टिपायला अशा दोन लेन्सच्या (ट्विन-लेन्स) कॅमेऱ्याइतका सोयीचा कॅमेरा मला दुसरा माहीत नाही: गर्दीत डोक्यावर उलटा धरायचा आणि खालून वर काचेत बघायचं. ते फोटो तुम्हाला आवडले असं तुम्हीच लिहिलंत. ते याच कॅमेऱ्याने, त्याच गर्दीत मिळाले.

आता विमा. इथे तुमच्या अनुभवाला मी खोटं म्हणणार नाही. क्लेम नाकारले जातात. पण त्यातले बरेचसे पॉलिसी न वाचल्याने नाकारले जातात असं मला वाटतं, आणि कॅमेरेवाल्यांनी हे मुद्दाम समजून घ्यायला हवं.

बहुतेकांना वाटतं घराचा विमा आहे म्हणजे घरातलं सगळं आलं. 1 एप्रिल 2021 पासून सर्व विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, पूर, वादळ, भूकंप, दरड हे सगळं येतं. इमारतीचा विमा घेतला तर तिच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपये, इतकं घरातल्या सामानाला संरक्षण आपोआप मिळतं. पण चोरी? ती येते फक्त या संकटांपैकी एखाद्यामुळे आणि त्यानंतर 7 दिवसांच्या आत झाली तरच. एरवी रात्री कुणी कुलूप फोडून कॅमेऱ्यांचं कपाट रिकामं केलं, तर या पॉलिसीतून काही मिळत नाही. त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आणि घरफोडी म्हणजे बळजबरीने घुसून केलेली चोरी. सर्वोच्च न्यायालयानेही 2004 साली हरचंद राय चंदनलाल प्रकरणात पॉलिसीतल्या शब्दांना धरून हाच अर्थ कायम केला. उघड्या दारातून आलेला माणूस टेबलावरचा कॅमेरा उचलून घेऊन गेला, तर घरफोडीची पॉलिसी असूनही क्लेम अडतो. याला कंपनीची लबाडी म्हणता येत नाही, पण विकताना कुणी हे समजावून सांगत नाही, याचा मला राग आहे.

घराबाहेर नेलेल्या कॅमेऱ्यासाठी आणखी वेगळी, ऑल रिस्क (सगळ्या जोखमींची) प्रकारची पॉलिसी लागते. तिच्यातही लक्ष न ठेवता सोडलेल्या गाडीतून झालेली चोरी बहुधा वगळलेली असते. कॅमेऱ्याने पैसे घेऊन काम करत असाल तर ते आधीच सांगायला हवं. घरगुती पॉलिसी व्यवसायाच्या सामानाला धरत नाही.

संग्राहकाला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न किमतीचा. जुन्या वस्तूला कंपनी घसारा लावू लागली तर पन्नास वर्षांच्या कॅमेऱ्याची किंमत शून्यावर येते. म्हणून ठरलेल्या मूल्यावरचं संरक्षण मागावं. भारत गृह रक्षामध्ये मौल्यवान वस्तूंसाठी तशी जादा सोय आहे: वस्तूचं मूल्य आधीच दोघांनी मान्य करायचं. एकूण रक्कम 5 लाखांपर्यंत आणि कुठलीही एक वस्तू 1 लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखलाही माफ होऊ शकतो. इतर पॉलिसींत हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहू नये. समजा सामान 4 लाखांचं आहे आणि विमा 2 लाखांचा काढला. 1 लाखाचं नुकसान झालं तर हातात 50 हजारच येतात, कारण तुम्ही निम्म्याचाच विमा काढला होता.

बाकी काम यादीचं. प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा सिरीयल नंबर, चारही बाजूंचे फोटो, बिल असेल तर बिल. जुन्या बाजारातून घेतलेल्याला बिल नसतं, मग विकत घेताना केलेला ऑनलाइन व्यवहार, दुरुस्तीची पावती, काहीही चालेल, पण कागद हवा. त्याची एक प्रत घराबाहेर. परदेशी जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यातीचा दाखला घ्यायलाही हेच नंबर लागतात, म्हणजे परतताना आपल्याच कॅमेऱ्यावर ड्यूटीचा वाद होत नाही. आणि कंपनीने अन्याय केलाच, तर विमा लोकपालांकडे 50 लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार फुकट करता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना उत्तराची वाट बघावी लागते, एवढंच.

मुदत ठेवीचा तुमचा सल्ला मी अर्धा मान्य करते. माझ्याकडच्या सगळ्या कॅमेऱ्यांचा विमा मी काढलेला नाही. जो गेला तर दुसरा सहज मिळेल, त्याच्यासाठी हप्ता भरण्यात अर्थ नाही. तिथे तुमचंच गणित बरोबर. पण ठेव साठायला वर्षं लागतात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते कुणाची ठेव पूर्ण होण्याची वाट बघत थांबलं नाही. ओळखीच्या एका स्टुडिओचं सगळं सामान त्या दिवशी चिखलात गेलं. विमा होता. यादी आणि बिलं मात्र त्याच दुकानाच्या खणात होती आणि तीही गेली. काय काय होतं हे सिद्ध करण्यात त्यांचे कित्येक महिने गेले. विम्यावरचा माझा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही, यादीवरचा वाढला.

‘इतके कॅमेरे हवेतच कशाला, संग्रहालयाला द्या’ असंही तुम्ही जाता जाता म्हटलंत. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या 4,425 कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनीजमध्ये नोंद झाली होती, गुरुग्राममध्ये म्युझिओ कॅमेरा हे कॅमेऱ्यांचं संग्रहालय उभं आहे. ही कामं मोठी आहेत. माझा संग्रह त्या जातीचा नाही. तो चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा आहे आणि शिकायला येणाऱ्या मुलांना तो माझ्यासमोर हाताळता येतो. घरी मात्र देत नाही, कारण ज्याच्या हवाली केलं त्याच्याकडूनच वस्तू गेली, तर तो क्लेम बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

आता तुमच्या आग्फाबद्दल. क्लिक थ्री बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवला आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांतले पहिले फोटो त्यानेच निघाले. त्याला लागणारा 120 चा रोल आजही मिळतो. एखाद्या कोरड्या दिवशी तो केसमधून बाहेर काढा. मागचं झाकण उघडा, पांढऱ्या कागदासमोर धरून शटर दाबा आणि उजेडाची उघडझाप दिसते का बघा. मग टॉर्च धरून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काही आहे का पाहा. असेल तर ओलं फडकं लावू नका, फोटो काढून मला पाठवा, काय करता येईल ते कळवते. नसेल तर 100 आयएसओचा (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) रोल घाला, उन्हात उभे राहा, आणि मागच्या लाल खिडकीवर फोटोचा नंबर बघून झाला की काळी चिकटपट्टी लावा. आजची फिल्म लाल उजेडालाही संवेदनशील असते.