ओल आलेली भिंत आणि गायतोंडे

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते, तेव्हा हुबेहूब असंच दिसतं. ज्याला माणूस काढता येत नाही तो अमूर्त काढतो. वर कोट्यवधींची किंमत, आणि अर्थ विचारला की मौन, ध्यान, शून्य असले शब्द तोंडावर फेकायचे.’ प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला मान्य आहे. ‘मौन’ आणि ‘ध्यान’ हे शब्द मी फार वेळा वापरले. झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांची ओढ गायतोंडेंना खरोखर होती, पण तेवढं सांगून वाचकाला चित्र दिसू लागत नाही. किमतीचंही तेच. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या आकड्याने चित्र चांगलंही ठरत नाही आणि वाईटही.

माणूस काढता येत नव्हता, हे मात्र साफ चूक. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतलेल्या या चित्रकाराने सुरुवातीला आकृत्याच काढल्या, भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला. पुढे युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराची चित्रं मनात भरली आणि आकृती हळूहळू गळत गेली. स्वतः त्यांना ‘अमूर्त’ हा शब्द पटत नसे, ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. अमूर्त म्हटलं की आपल्याला वाटतं, मुळात एखादं झाड असेल, ते पुसट करत नेलं असेल. मग आपण ते झाड शोधत बसतो. इथे झाड नाहीच. तुम्हाला अर्थ सापडला नाही तो तुमच्या समजेत खोट आहे म्हणून नव्हे.

आता तुमची भिंत. ती उपमा मला मनापासून आवडली, कारण भिंतीकडे तुम्ही नीट बघितलंय. एका प्रदर्शनात गायतोंडेंच्या कॅनव्हासपासून हातभर अंतरावर मी बराच वेळ उभा होतो. लांबून सपाट वाटणारा रंग जवळून थराथरांचा निघाला. वरचा थर कुठे इतका पातळ की खालचा उजळ रंग त्यातून झिरपल्यासारखा दिसतो, कुठे दाट, आणि मध्येच फाटक्या कडांचे आकार. ते रोलरने रंग पसरत, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने, खरवडत, वर्तमानपत्राचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो आणि खालचा थर उघडा पडतो. म्हणजे अर्धं काम रंग लावण्याचं, अर्धं काढण्याचं.

ओल भिंतीवर आपोआप पसरते. इथे प्रत्येक थरानंतर कुणीतरी थांबून बघितलंय, काय ठेवायचं आणि काय उचलायचं ते ठरवलंय. आपोआप होणारं काम असतं तर वर्षाला शंभर चित्रं निघाली असती. त्यांची वर्षाला जेमतेम पाच-सहा होत. बाकीचा काळ बसून विचार करण्यात जाई. मी ‘ध्यान’ म्हणालो ते याला. तेव्हाच इतकं साधं सांगायला हवं होतं.

आणि एक विनंती. तुम्ही ही चित्रं फोनवर पाहिलीत असं लिहिलंय. फोनवर थर दिसत नाहीत, तिथे मलाही ओलच दिसेल. मुंबईत काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. चित्र मांडलेलं आहे ना, याची चौकशी करून जा आणि दहा मिनिटं एकाच चित्रापुढे उभे राहा. आधी लांबून, मग जवळून. त्यानंतरही भिंतच दिसली तर तसं जरूर लिहा. तीही प्रतिक्रिया मी इथे ठेवीन.